राखणीची पाळी

गाझियाबाद
११ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
गुणवंतचा सा. न. वि. वि.

आज रविवार. सकाळी दाट धुकं होतं, दूध उशिरा आलं. वैजयंतीने पिठलं-भात केला. स्वरूपा हॉस्टेलवरून आली होती. जेवली, थोडी पडली आणि संध्याकाळच्या मेट्रोने परत गेली. जाताना आईशी बोलली नाही. आईही तिच्याशी बोलली नाही.

फोनवर तुझं कानाचं यंत्र शिट्टी मारतं, आणि ही गोष्ट मला ओरडून सांगता येण्यासारखी नाही. म्हणून लिहितो.

सुधन्वा गेल्याला आता चौथा महिना चालू आहे. तो आणि स्वरूपा एकाच विद्यापीठात होते हे तुला माहीत आहे. तिथल्या विद्यार्थी मंडळात तो त्याच्या हॉस्टेलकडून निवडून आला होता, आणि स्वरूपा मंडळाची सेक्रेटरी आहे. सभेची हजेरी घ्यायची, काय ठरलं त्याचे मिनिट्स लिहायचे, हे तिचं काम. दोघं एका सभेत बसायची. घरी आली की तो तिला चिडवायचा, की दीदीने मला बोलू दिलं नाही आणि वर लिहिलं की चर्चा खेळीमेळीत झाली.

तो गेल्यावर ऑक्टोबरात पहिली सभा होती. तिने मला फोन करून विचारलं की हजेरीपटावर त्याचं नाव आहे, त्याचं काय करू. मी तिला म्हणालो, आपल्या मेंढपाळांच्या तळावर माणूस वारला तरी त्याची मेंढरं वर्षभर त्याच्याच नावाने मोजत. वर्ष होईपर्यंत नाव काढायचं नसतं. मी सहज म्हणालो असं नाही. मला नाव काढायला नको होतं. तिने ठेवलं.

तीस वर्षं इथे दिल्लीच्या मंत्रालयात मी दुसऱ्यांचे मिनिट्स तपासतो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

डिसेंबरच्या सभेत त्यांनी एक ठराव केला. सुधन्वाला ताप चढला त्या संध्याकाळी हॉस्टेलची रुग्णवाहिका दारात उभी होती आणि ड्रायव्हर नव्हता. मुलांनी त्याला ऑटोत घालून नेलं, त्यात उशीर झाला. ठराव असा, की गाडीला चोवीस तास ड्रायव्हर हवा आणि त्या संध्याकाळची चौकशी बाहेरच्या माणसाकडून व्हावी. परीक्षा जवळ होत्या, थंडी होती, सभेला दहाच जण आले. दहाही जणांनी हात वर केले.

आता धीरज नावाचा एक सभासद हरकत घेतो आहे. तो हॉस्टेल समितीवर आहे, चौकशी झाली तर त्यालाही उत्तर द्यावं लागेल. तो म्हणतो, पटावर वीस नावं आहेत. सभेला निम्म्याहून जास्त लागतात, म्हणजे अकरा. दहा होते, सभाच झाली नाही, मग ठराव कसला. हिशेब त्याचा बरोबर आहे. पण सभासद गेला की त्याची जागा त्याच दिवसापासून रिकामी होते, असा नियम आहे. नाव काढलं तर पट एकोणीसचा, आणि दहा पुरतात.

म्हणजे ठराव वाचवायचा तर स्वरूपाने स्वतःच्या हाताने भावाचं नाव खोडायचं. ६ फेब्रुवारीला या मंडळाची शेवटची सभा आहे. तिच्यात फक्त मागचे मिनिट्स कायम करायचे आहेत, नवा ठराव घेता येत नाही. नंतर मंडळ संपतं.

तिथल्या एका मोठ्या अधिकाऱ्यांनी तिला बोलावून चहा दिला. म्हणाले, बेटा, नाव राहू दे, तुझा हात कसा धजेल, आम्हाला समजतं. ते फार प्रेमाने बोलले असं ती म्हणाली. मला ते प्रेम आवडलं नाही.

वैजयंतीने कालच सांगितलं की नाव खोडलं तर मी तिचं तोंड बघणार नाही. रागाने नाही, भाजी निवडता निवडता सांगितलं. मी तिच्याबरोबर भाजी निवडायला बसलो. स्वरूपाने मला काही विचारलं नाही. पटकन काय ते बोलणारा आपल्या घरात एकच होता.

तू आमच्यात थोरली. तळावर तू माझ्यापेक्षा जास्त राहिलीस. काय करत होते ते आठवून कळव.

आपल्या तळावरच्या गुलाबतात्यांना नमस्कार. तुझी माया आहे म्हणून हे लिहू शकलो, ती अशीच असू दे.

तुझा,
गुणवंत

•

आटपाडी
१६ जानेवारी २०२६

चि. गुणवंत यास,
अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. संक्रांत झाली, आपल्याकडे यंदा काही करायचं नव्हतंच. शेजारणीने तरी तीळगूळ आणून ठेवला, तो तात्यांनी खाल्ला. ऐंशी वर्षांच्या माणसाला दुखवटा सांगायला मी गेले नाही.

तू पत्रसुद्धा ऑफिसच्या टिपणीसारखं लिहितोस. सगळं लिहिलंस, तुला काय वाटतं तेवढं लिहिलं नाहीस. लहानपणीही असाच होतास. पाय कापला तर दुसऱ्या दिवशी सांगायचास.

माझं उत्तर सोपं आहे. नाव खोडायचं नाही. आई गेली तेव्हा तिच्या अकरा मेंढ्या होत्या. आण्णा रोज संध्याकाळी मोजताना थांबायचे आणि म्हणायचे, ह्या यमुनेच्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्या तुझ्या नि माझ्या नावावर केल्या. तोवर कुणाची छाती नव्हती त्यांना दुसऱ्याच्या म्हणायची. पोरीला तू बरोबर तेच सांगितलंस. त्यात तुझी काही चूक नाही.

ठराव चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो व्हायला दुसरी वाट नाही का? अर्ज करा, पेपरात द्या. तू एवढ्या मोठ्या ऑफिसात आहेस, कुणाला तरी सांग. बहिणीच्या हातून भावाच्या नावावर रेघ मारून घ्यायची आणि मग गाडीला ड्रायव्हर द्यायचा, हा कुठला न्याय? वैजयंती बोलली ते मला पटलं. आईने आणखी काय बोलायचं असतं?

शाळेत मीही बत्तीस वर्षं हजेरी घेतली. एक पोरगं विहिरीत पडून गेलं होतं, त्याचं नाव मी जूनपर्यंत पटावर ठेवलं. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, ठेवलंय. त्यांनी पुढे विचारलं नाही.

स्वरूपाला म्हणावं आत्याला लिही. मराठी कशी का असेना. तुम्ही दोघं तिला मध्ये ठेवून एकमेकांशी बोलत नाही, तर तिने कुणाशी बोलायचं?

वैजयंतीला जवळ घेऊन आशीर्वाद सांग. सांग म्हणजे नुसतं वाचून दाखवू नकोस.

सगळ्यांना माझी आठवण आहे हे विसरू नका.

अक्का

•

दिल्ली
२१ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
स्वरूपाचा साष्टांग नमस्कार.

बाबांनी तुझं पत्र मला फोटो काढून पाठवलं. माझ्या मराठीत चुका असतील, हसू नकोस. सुधन्वा म्हणायचा की माझी मराठी अनुवादासारखी वाटते. त्याची तर बिल्कुल हिंदी होती.

नाव मी ठेवलं ते बाबांनी सांगितलं म्हणूनच नाही. मलाही ठेवायचं होतं. पण आत्या, तू शाळेत नाव ठेवलंस म्हणजे नक्की काय केलंस? ते नाव वाचायचीस का? मी वाचायची. सभा सुरू झाली की मी एक एक नाव घेते. त्याचं आलं की वाचायचे, थोडं थांबायचे, आणि ‘अनुपस्थित’ लिहायचे. तीन सभा असं केलं. सगळे टेबलाकडे बघत बसायचे. कुणी मला थांबवलं नाही. नीरज आमचा अध्यक्ष आहे, तोही नाही. त्यांना वाटलं असेल की हिला बरं वाटतंय. मला बरं वाटायचं नाही. मला वाटायचं की तो बाहेर कुठेतरी आहे आणि सभेला येत नाहीये, आणि ती त्याचीच चूक आहे, आणि मी ती लिहून ठेवतेय.

मी कोरियाचा इतिहास शिकते एवढंच तुला माहीत आहे, नक्की काय ते कधी नीट सांगितलं नाही. आपण मेंढरांवाले, म्हणून मी कोरियात गुरंढोरं घेऊन फिरणाऱ्यांचा इतिहास घेतला. सर म्हणाले होते की तिकडे असं काही फार नाही, सगळे भात लावणारे. पण आहे. दक्षिणेला जेजू नावाचं एक बेट आहे. तिथे मंगोल लोकांनी सातशे वर्षांपूर्वी घोडे आणून सोडले. मंगोल गेले, घोडे राहिले, आणि ते राखणारे राहिले. त्यांना तिथे तेउरी म्हणतात. नंतर कोरियाच्या राजांनी ते सरकारी घोडे केले आणि एक एक वहीत लिहिले, रंगासकट. घोडा मेला की राखणाऱ्याने चामडं सोलून अधिकाऱ्याला दाखवायचं. आणि कितीतरी वेळा ते दाखवूनही भागायचं नाही. त्याच रंगाचा दुसरा घोडा स्वतः आणून भरायचा. वहीतला आकडा कमी व्हायचा नाही. काही जणांनी त्यासाठी घर विकलं, घरची माणसंही विकली. मी हे ऑगस्टमध्ये वाचलं तेव्हा सुधन्वाला सांगितलं होतं. तो म्हणाला, चलो, म्हणजे त्यांच्या वहीत कुणी मरतच नाही.

आता मुख्य गोष्ट. घरी सांगितलेली नाही. सोमवारी वैभवी नावाची फर्स्ट इयरची मुलगी आमच्या मजल्यावर दम्याने निळी पडली. खाली गाडी उभी होती. ड्रायव्हर नव्हता. आम्ही तिला ऑटोत घालून नेलं, मी तिचं डोकं धरून बसले होते. ती वाचली. ऑटोवाला विचारत होता की आप लोगों की गाड़ी तो वहीं खड़ी है, मग ऑटो का?

तू म्हणतेस अर्ज करा. अर्ज चार झाले. सगळ्यांना उत्तर आलं की मंडळाने ठराव करावा, मग विचार करू. केला, तर आता म्हणतात झालाच नाही.

मला एकच विचारायचं आहे. बाबा सांगतात की तळावर लांडग्यासाठी रात्री राखण असायची आणि घरटी एकाची पाळी असायची. माणूस गेल्यावर मेंढरं त्याच्या नावाने मोजायचे, ते समजलं. पण त्याची राखणीची पाळी कोण करायचं? तीही त्याच्या नावाने ठेवायचे का? बाबांना आठवत नाही. ते तेव्हा शाळेसाठी मामाकडे होते.

मी आईविरुद्ध काही करू इच्छित नाही. पण ६ तारखेला मला उभं राहून काहीतरी वाचायचंच आहे. काय वाचायचं ते मला माहीत नाही. रात्री झोप येत नाही असं लिहिणार होते, पण तू बाबांना सांगशील.

तात्याआजोबांना नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
स्वरूपा

•

आटपाडी
२८ जानेवारी २०२६

चि. स्वरूपा हिस,
आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तुझ्या बापावर पुन्हा चिडले. चार अर्ज झाले हे त्याने मला लिहिलंच नव्हतं. मग स्वतःवरही चिडले, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाही येईना. मी मुलगी. मला राखणीला कुणी बसवलं नाही. मेंढरं मोजताना मी आण्णांच्या शेजारी असायचे, पाळ्या ठरायच्या तेव्हा भाकरी थापत असायचे.

म्हणून पत्र घेऊन तात्यांकडे गेले. ते उन्हात घोंगडी पांघरून बसले होते. सगळं वाचून दाखवलं. घोड्यांचं त्यांनी मला परत वाचायला लावलं. म्हणाले, तिकडचे राजे इकडच्यासारखेच दिसतात. मंगोल म्हणजे कोण ते विचारलं, मी सांगितलं तेवढं त्यांना पुरलं नाही. तुला भेटल्यावर विचारणार आहेत, तयारीत राहा.

मग पाळीचं विचारलं. मला वाटलं होतं आठवायला वेळ लागेल. पण ते लगेच म्हणाले, “मेंढरं वरीसभर त्याच्या नावानं मोजा, कोण न्हाई म्हणतंय? पण राखणीची पाळी त्याच दिवशी काढायची. मेलेल्याच्या पाळीला लांडगा येतो.”

मी म्हणाले, ही म्हण आहे का? तर म्हणाले, म्हण कसली, झालंय ते. त्यांचा थोरला भाऊ विठू तळावर तापाने गेला. तिसऱ्या दिवशी त्याची पाळी होती. सगळ्यांना माहीत होतं. पण त्याच्या जागी मी बसतो हे म्हणायला कुणाची जीभ उचलेना. विठूची बायको तिथेच होती ना. जो तो म्हणाला दुसरा बसेल. सकाळी वाघरीच्या आत सात कोकरं पडलेली होती. (वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ते जाळं.) त्यातली चार विठूचीच होती. तेव्हापासून आपल्या तळावर माणूस पुरून आले की आधी पाळ्या नव्याने लावायच्या, मग हात धुवायचे. आणि त्याचं नाव पाळीतून काढायला घरातलंच माणूस लागतं. परक्याने काढायचं नाही. विठूच्या वेळी घरातले तात्याच बोलले नाहीत, म्हणून परकेही गप्प बसले.

मी तुझ्या बापाला रागाच्या भरात अर्धंच लिहिलं. मला अर्धंच माहीत होतं. तू मला शाळेच्या पटाचं विचारलंस. मी ते नाव वाचत नव्हते. नुसतं राहू दिलं होतं. तिथे कुणाचं काही अडत नव्हतं. तुझ्याकडे अडतंय.

पोरी, तुमचा तो पट मोजणीचा नाही. पाळीचा आहे. किती जण जागे आहेत एवढंच त्यात बघतात. तिथून त्याचं नाव काढ. तू काढ, त्या नीरजला काढायला लावू नकोस. आणि ‘अनुपस्थित’ लिहिलंस ते आधी दुरुस्त कर. तो गैरहजर राहणाऱ्यांतला नव्हता.

तुझ्या आईला मी वेगळं लिहिलं आहे. ती ऐकेल असं धरून चालू नकोस. विठूची बायको तात्यांशी पुढे दोन वर्षं बोलली नव्हती. कोकरं गेल्यावर पाळीत त्यांनी भावाच्या जागी आपलं नाव घातलं म्हणून. तेही तात्यांनी सांगितलं, मी न विचारता.

झोप येत नाही ते तुझ्या बापाला सांगितलेलं नाही. गरम दूध पी.

मायेची,
आत्या

•

गाझियाबाद
८ फेब्रुवारी २०२६

ती. अक्कास,
गुणवंतचा सा. न. वि. वि.

आज रविवार. धुकं नव्हतं, ऊन चांगलं पडलं. कपडे धुऊन गॅलरीत घातले. दुपारपर्यंत वाळले. वैजयंती बुधवारी तिच्या भावाकडे, फरीदाबादला, गेली आहे. भाऊच, विश्वास, येऊन घेऊन गेला. तुझं पत्र तिने वाचलं होतं. वाचून माझ्याकडे दिलं, आणि बॅग भरायला घेतली. तिने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून विद्यापीठात गेलो. सभेत बाहेरच्यांना बसू देत नाहीत. मी कॅन्टीनच्या बाहेर बाकावर बसलो. पुढचं नीरजने आणि स्वरूपाने सांगितलं ते लिहितो.

हजेरी घ्यायच्या आधी ती उभी राहिली. तिने वाचलं, की सभासद सुधन्वा यांचं २३ सप्टेंबर रोजी निधन झालं. त्या दिवसापासून त्यांची जागा रिकामी आहे. नंतरच्या तीन सभांमध्ये त्यांना अनुपस्थित दाखवलं गेलं, ती सेक्रेटरीची चूक आहे, त्यांची नाही. शेवटचे दोन शब्द कागदावर नव्हते, असं नीरज म्हणाला.

धीरज उठला. म्हणाला, आकडा जुळवायला आज मेलेल्याचं नाव काढता, मग ऑक्टोबरात का नाही काढलं? नीरज सांगत होता की प्रश्न खोटा नव्हता. स्वरूपाने सांगितलं, “तो माझा भाऊ होता, माझ्याच्याने झालं नाही. आता करते आहे.” धीरज उभाच राहिला. मग खाली बसला.

मग तिने तीनही सभांच्या पटांवर त्याच्या नावावर रेघ ओढली, बाजूला तारीख घातली आणि सही केली. डिसेंबरची सभा एकोणिसांच्या हिशेबाने धरून मिनिट्स कायम झाले. ठराव राहिला. काहींनी असंही मांडलं की सेक्रेटरीने पट चुकीचा ठेवला याबद्दल नापसंती नोंदवावी. तीही मिनिट्सवरचा शेरा म्हणून मंजूर झाली, आणि मिनिट्स तीच लिहीत असल्यामुळे तिनेच लिहिली. मला तिने ते पान दाखवलं. अक्षर सरळ होतं. मी तीस वर्षं हे काम केलं, मला त्यात एकही दुरुस्ती करता आली नसती.

ठराव काल संध्याकाळी कार्यालयात दिला, पोच घेतली. चौकशीबद्दल लेखी कळवू असं म्हणाले. ड्रायव्हरचं मात्र सोमवारपासून बघतो असं तोंडी सांगितलं. बघू. मी यात फार काही धरून बसलो नाही. पण आता त्यांना झालाच नाही असं म्हणता येणार नाही.

शुक्रवारी सभेतून बाहेर आल्यावर ती माझ्याशेजारी बाकावर बसली. आम्ही चहा घेतला. मला तिच्याशी बोलायचं होतं ते जमलं नाही. मी म्हणालो, थंडी कमी झाली. ती म्हणाली, हो. मग तिने तिथूनच आईला फोन लावला. बाजूला बसलो होतो म्हणून ऐकू आलं. वैजयंतीने एकच विचारलं, की रेघ ओढलीस, मग पुढे काय लिहिलंस. स्वरूपा म्हणाली, दिवंगत लिहिलं, आणि तारीख. मग फोन ठेवल्याचा आवाज आला. स्वरूपा म्हणाली, आई रडत नव्हती. मला वाटतं रडत होती.

कधी येणार ते वैजयंतीने कळवलेलं नाही. मी विचारलेलं नाही. विश्वासने आज मेसेज केला की दीदी ठीक आहे, सकाळी देवळात जाऊन आली. तात्यांच्या वहिनीचं दोन वर्षांचं लिहिलंस ते मी विसरत नाही. तेवढं झालं तर तेवढं.

तू लिहिलं होतंस की मला काय वाटतं तेवढं मी लिहिलं नाही. तर लिहितो. बाकावर बसलो होतो तेव्हा मला आतून वाटत होतं की तिने शेवटच्या क्षणी नाही म्हणावं. ठराव गेला तर जाऊ दे. ती बाहेर आली, तिचा चेहरा बघितला आणि कळलं की झालं. मग मला तिचा अभिमान वाटला, पण आधी ते दुसरं वाटलं होतं. वैजयंतीला हे सांगायला हवं. ती आली की सांगेन.

तात्यांना सांग की स्वरूपा मे महिन्यात येणार आहे आणि मंगोलांचं सगळं सांगणार आहे. लोभ जसा आजवर ठेवलास तसाच ठेव, आम्हाला त्याची गरज आहे.

तुझा,
गुणवंत

ता. क. घरात डिंक संपला आहे आणि आज दुकान बंद आहे. एकट्यापुरता भात लावला होता, तो झाला. चार शितं काढून पाकीट चिकटवतो, आणि मग जेवतो.